तीनपैकी एक बंदूक

नेमकाका कशाकडेही डावा डोळा मिटूनच बघायचे. आमटीच्या वाटीकडे, माझ्या रिपोर्ट कार्डकडे, दोह्यात अल नस्रमधल्या आमच्या बाल्कनीतून समोरच्या कठड्याकडेसुद्धा. "दोन सूत बाहेर आहे!" वर्ल्ड कपच्या स्टेडियमवर ते सर्व्हेअर होते. नेमकाका हे नाव अर्थात आम्ही मुलांनी ठेवलेलं.

दर शुक्रवारी ते जेवायला यायचे आणि दारातूनच सुरू व्हायचे. "वहिनी, काल छताचा तुकडा चढला! केसभर फरक नाही!" पानातला भात गार व्हायचा. छतावरून बोलण्याची गाडी कुडाळजवळच्या त्यांच्या गावी, शेतात घुसणाऱ्या रानडुकरांवर आणि पहिल्या दोहा-पगारातून घेतलेल्या दुनळी बंदुकीवर जायची.

त्या सुमारास भारतात कायदा बदलला. एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका, जास्तीची जमा करायची. काकांकडे नेमक्या तीन होत्या: वडिलांची ठासणीची, एक एकनळी आणि ही दुनळी. नियम इंग्रजीत होते, म्हणून वाचायला माझ्याकडे आले. मी वाचून दाखवले आणि नेहमीसारखी गप्प बसले.

पुढचे तीन शुक्रवार आमच्याकडे दुसरा विषय नव्हता.

"ठासणीची देऊन टाका. दारू ठासत कोण बसणार?" बाबा म्हणायचे.

"वडिलांची वस्तू अशी देतात का?" आई.

"खलास! एकनळी!" काका जाहीर करायचे आणि ताक संपेपर्यंत मत बदलायचे. दुनळीचं नाव कुणीच काढत नव्हतं.

चौथ्या शुक्रवारी ते माझ्याकडे वळले. "तू बोल गं. सगळं बघत असतेस."

मी घरातही इंग्रजीतच उत्तरं द्यायचे. त्या दिवशी मराठीत निघालं, "काका, आत्या कोणती वापरतात?"

आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. शेताची राखण त्याच करायच्या, परवान्यावर त्यांचंही नाव होतं. काकांनी जेवता जेवताच त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

"मेल्या, आज इचारतंस?" आत्या कडाडल्या. "ती तुजी दुनळी दी! उचलूक गेलंय तर खांदो मोडता. माजा काम एकनळीनच होता. बाबांची ऱ्हवांदे."

काकांचा घास हातातच राहिला. मग ते इतक्या मोठ्यांदा हसले, की शेजारचे दार वाजवून गेले. "यल्ला, चला, रजा टाकतो!"

आठवड्याभरात गावच्या पोलीस ठाण्याबाहेरून त्यांचा फोन आला. आवाज तसाच, धावत आल्यासारखा. "दिली! पावती मिळाली! हवालदार म्हणाला, काय छान ठेवलीय हो बंदूक." मग ते म्हणाले, "म्हटलं, वापरली कुठे? नुसती दर शुक्रवारी तुम्हाला सांगितली."