कुलपाचा धसका

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून रोज जेवढी काळजी केली जाते, तिच्यातली निम्मी एकटे आमचे साडू करतात, असं माझं ठाम मत आहे. उरलेल्या निम्मीत ऊस, पाऊस, मुलींची लग्नं आणि मुलांच्या नोकऱ्या असं सगळं दाटीवाटीनं बसवावं लागतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे यजमान. मी साताऱ्याला, ते सांगलीत विश्रामबागेला. तरुणपणी सैन्यात बिनतारी संदेशाच्या कामावर होते. हवालदार म्हणून सुटून आले आणि आमच्या भागातल्या एका नगरपरिषदेत संगणकाच्या कामाला लागले. तिचं नाव मी सांगत नाही. त्यांच्या पेन्शनची फाइल अजून त्याच इमारतीत कुठल्या तरी टेबलावर पडून आहे, आणि माझ्या लिहिण्यामुळं ती अडकली, तर ती काळजीही ते माझ्याच घरी मुक्कामाला येऊन करतील.

साडूंना चोराची भीती नाही, विंचवाची नाही, बायकोचीही नाही, जी खरं तर असायला हवी होती. भीती आहे ती कुलपाची. वस्तू आपली, दारही आपलं, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असं कुठं दिसलं की त्यांची झोप उडते. याचं मूळ म्हणे एका डोंगरावरच्या चौकीत आहे. तिथं त्यांचा बिनतारी संच बंद पडला आणि तो उघडायची परवानगी फक्त संच बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला होती. कंपनीचा माणूस खाली, मध्ये बर्फ. अख्खा हिवाळा साडू त्या मुक्या पेटीसमोर बसून होते. "पेचकस माज्या हातात हुता, पाव्हणं," हे ते आजही सांगतात, "पर वर लाखेची मोहोर हुती." तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पेचकस असतो. आमच्या लग्नातल्या फोटोतही तो दिसतो. कुणाच्या घरी मिक्सर जरा वेगळ्या सुरात फिरला, तर यजमानीण चहा घेऊन येईपर्यंत त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडलेले असतात.

त्यांच्या घराच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडं, दूधवाल्याकडं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं, अशा मिळेल त्याच्याकडं आहेत. उद्या आपण आत अडकलो तर कुणीतरी उघडावं, एवढाच हेतू. एकदा मी न कळवता गेलो, तर एका अनोळखी गृहस्थांनी दार उघडलं, मला बसवलं, पाणी दिलं आणि मंडळी बाजारात गेलीत, येतीलच, असं अगदी घरच्यासारखं सांगितलं. ते इस्त्रीवाल्याचे सासरे होते, क्रिकेटची मॅच बघायला आलेले. साडू आले ते त्यांना बघून खूश झाले. किल्ली चालते की नाही याची काळजी होती, ती मिटली.

मसाल्याचं प्रकरण मात्र जड गेलं. आमच्याकडं उन्हाळ्यात घरोघर वर्षाची कांदा-लसणाची चटणी होते. सासूबाईंच्या चटणीचं प्रमाण त्यांनी फक्त थोरल्या लेकीला सांगितलं होतं, धाकटीला, म्हणजे माझ्या बायकोला, कधीच नाही. साडूंना धास्ती लागली, की उद्या आक्कांना काही झालं तर चटणी कायमची गेली. ही धास्ती त्यांनी आक्कांनाच बोलून दाखवली, इथं पहिली चूक झाली. मग त्यांनी गोड बोलून प्रमाण काढून घेतलं, कागदावर उतरवलं आणि अपार्टमेंटच्या फलकावर पाण्याच्या टाकीच्या नोटिशीशेजारी डकवलं. खाली लिहिलं, "करून बघा. काही बदललं तर इथंच लिहा." आक्कांनी बरेच दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्या कागदावर खरंच लिहिलं, की दगडफूल वाढवावं आणि तीळ कमी करावेत. पुढच्या उन्हाळ्यात आक्कांनी कुणाला न सांगता तसंच केलं. चटणी आधीपेक्षा चांगली झाली. हे सासूबाईंना आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

हे सगळं घरापुरतं राहतं तर निभलं असतं. पण साडूंची खरी काळजी सरकारची. सरकारनं आपल्या कामाला जे सॉफ्टवेअर घ्यायचं, ते आतून कुणालाही बघता यावं, दुरुस्त करता यावं, गावोगाव वाटता यावं, म्हणजे ज्याला ओपन सोर्स म्हणतात तसं असावं, असं त्यांचं मत. ते लग्नाच्या पंगतीत तलाठ्यापासून आमदाराच्या मेव्हण्यापर्यंत कुणालाही ऐकवतात. मी त्यांना मुद्दाम छेडायचो. माझा फोन कंपनीचा, कॉम्प्युटर कंपनीचा, पैसे टाकले, काम झालं, अडलं तर त्यांची माणसं येतात, मग आपण कशाला आत डोकवायचं? एकदा ते हात धुता धुता थांबले आणि म्हणाले, "तुमचं घर तुमचं हाय, पाव्हणं. पर गावाच्या जन्म-मरणाच्या नोंदी कंपनीच्या कपाटात कशा ठेवायच्या?" मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं.

नगरपरिषदेत जन्म-मृत्यूच्या नोंदींचा प्रोग्रॅम फार वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीकडून विकत घेतलेला होता. त्याच्याबरोबर अंगठ्याएवढी एक डबी यायची. ती संगणकाच्या मागं खोचलेली असली तरच प्रोग्रॅम उघडायचा. त्या डबीची साडूंना जी काळजी, ती पोटच्या पोराची कुणी केली नसेल. धूळ बसेल, झाडणारा ओढून काढेल, उंदीर खाईल. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बजावायचे, की बाबांनो, हा या हापिसाचा जीव आहे, याला जपा. ऐकून ऐकून सगळ्यांना ते पटलं, आणि तिथंच घात झाला.

खंडेनवमीला आमच्याकडं ज्याच्यावर पोट आहे त्या हत्याराची पूजा होते. शेतकरी कोयता-विळा मांडतो, एसटीचा ड्रायव्हर स्टेअरिंगला झेंडूचा हार घालतो आणि कचेरीत संगणकाला हळदकुंकू लागतं. त्या वर्षी साडू नेमके रजेवर होते. कचेरीत आटपाडीकडच्या एक क्लार्कबाई आहेत, कामाला चोख आणि देवाधर्माला त्याहून चोख. त्यांनी विचार केला, हापिसाचा जीवच म्हटल्यावर नुसतं बोट टेकवून कसं भागेल? त्यांनी डबी अलगद काढली, ताम्हनात ठेवली, तिला यथासांग पंचामृताचा अभिषेक केला, स्वच्छ फडक्यानं पुसली, गंध-फूल वाहिलं आणि पुन्हा होती तिथं खोचली. भावनेत काडीचीही खोट नव्हती. डबी मात्र गेली. पडद्यावर किल्ली सापडत नसल्याची सूचना आली, ती हलेचना.

साडू धावत आले, पण बाईंना रागवायची सोय नव्हती, जीव हा शब्द त्यांचाच होता. कंपनीचा शोध घेतला, तर तिच्या जागी गाद्यांचं दुकान. मालकांचा नंबर कसाबसा मिळाला. ते आता इमारती बांधत होते. तो उद्योग आम्ही केव्हाच बंद केला, असं त्यांनी अतिशय सभ्यपणे सांगितलं आणि फ्लॅट बघायचाय का, म्हणून विचारलं. नोंदींची जुनी कागदी पुस्तकं पुराच्या वर्षी पाण्यात भिजून विटांसारखी घट्ट झालेली. म्हणजे गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं, हे सगळं त्या मेलेल्या डबीपलीकडं. शाळेचे दिवस आले, आया दाखल्यासाठी खेपा घालू लागल्या. कुणाचा बाप गेल्याचा कागद निघेना म्हणून जमिनीला वारसाचं नाव लागेना. साडूंचं अन्न तुटलं. आक्कांनी मला बोलावून घेतलं, तर हा माणूस जेवणाचं ताट पुढ्यात ठेवून भिंतीकडं बघत बसलेला. "गाव जित्तं हाय, पाव्हणं," ते म्हणाले, "पर कागदावर न्हाई." त्या दिवशी मला त्यांना छेडावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली.

संगणकाच्या पोटातल्या नोंदी साडूंनी बाहेर काढल्या, पण त्या कंपनीच्या खास अक्षरांत. दुसऱ्या कशात उघडल्या की आकडे तेवढे वाचता यायचे, बाकी पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग साडू आणि आक्का सुट्टीच्या दिवशी समोरासमोर बसायचे. साडू मूळचे त्याच गावचे, तेव्हा ज्यांच्या जाण्याच्या तारखा पाठ आहेत अशी माणसं आठवायची, ती तारीख शोधायची, आणि पुढच्या मुंग्यांत त्यांचं नाव कसं बसतं ते बघायचं. सगळ्यांत आधी सुटलं ते साडूंच्या वडिलांचं नाव. आक्का सांगतात, की ते नाव नीट दिसल्यावर साडू उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. एक नाव सुटलं, की त्याची अक्षरं दुसऱ्या नावाला उपयोगी पडायची. असं करत सगळं गाव परत आलं. त्या नोंदी त्यांनी खुल्या सॉफ्टवेअरवर मांडल्या, कुलूप नाही, डबी नाही.

तेवढ्यात कळलं, की नगरपरिषद पुन्हा एका कंपनीचाच नवा प्रोग्रॅम घेणार. सभेच्या दिवशी आक्कांनी मला सोबत धाडलं, साडूंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या माझ्या खिशात. कंपनीचा टायवाला मुलगा पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत होता आणि काजूकतली फिरत होती. साडू उठले तेव्हा मी खिशातल्या गोळ्या चाचपल्या. त्यांनी फार काही सांगितलं नाही. आपल्याकडं उसाचं बेणं एकमेकांच्या रानातून आणतात, लावतात, पुढच्याला देतात, तसं हे आहे, एवढंच म्हणाले. यावर मागच्या बाकावरचे एक बागायतदार नगरसेवक म्हणाले, "बेणं फुकट मिळतंय, हवालदार. पर लावाय माणूस लागतोय." मुख्याधिकाऱ्यांनी तोच धागा धरला. कंपनीचं बिघडलं तर कंपनीला फोन करता येतो, तुमचं बिघडलं तर कुणाला करायचा? प्रश्न रास्त होता. साडू म्हणाले, "मला करा की." सगळे हसले आणि ठराव साडूंच्या बाजूनं मंजूर झाला.

मला वाटलं, परतीच्या एसटीत पेढे वाटतील. ते खिडकीबाहेर बघत होते. मलकापूर मागं पडलं. मग एकदम माझा हात धरून म्हणाले, "लय मोठी चूक झाली, पाव्हणं. आता मीच डबी झालो."

आणि ते खरं होतं. निवृत्ती तोंडावर आलेली. जन्मभर ज्या गोष्टीची धास्ती घेतली, ती आपणच होऊन बसलो, या विचारानं साडूंची काळजी दुप्पट झाली. तळलेलं सोडलं. रस्ता ओलांडताना माझ्या दंडाला धरायला लागले, म्हणायचे, आता मला काही होऊन चालणार नाही. आणि शिकवत सुटले. दिसेल त्याला धरून शिकवायचे. शिपायाला शिकवलं, मला शिकवलं, मी दुसऱ्या दिवशी विसरलो. अभिषेकवाल्या क्लार्कबाई मात्र शिकल्या. त्यांच्या मनाला ते पंचामृत लागून राहिलं होतं. आधी भीत भीत, मग उलट प्रश्न विचारत, त्या सगळं शिकल्या.

निवृत्तीनंतर सुरुवातीला साडूंचा फोन सारखा वाजायचा. जेवताना वाजायचा, बारशात वाजायचा, आमच्या सासूबाईंच्या पंचाहत्तरीला ऐन औक्षणात वाजला. कटकट आहे नुसती, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. पुढं तो कमी वाजायला लागला. मग वाजेनासाच झाला. साडूंना वाटलं, फोन बिघडला. माझ्याकडून दोन-तीनदा फोन करवून बघितला, तर चांगला वाजत होता. मग दुसरीच शंका आली, की आपली पाठ फिरल्यावर त्यांनी गुपचूप कंपनीचा प्रोग्रॅम आणला. शेवटी मीच गाडीत घालून त्यांना कचेरीत नेलं.

क्लार्कबाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि पदर सावरत उभ्या राहिल्या. "सायेब, तुमास्नी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या, "पर तुमचं ते दाखल्याचं पान आमी बदललं. बाया आईचं नाव आधी सांगत्यात, ते शोधाय लय येळ जायचा. शेजारच्या नगरपरिषदेनंबी तसंच नेलंय. तुमाला राग न्हाई न्हवं?" साडूंनी चष्मा लावला. ते पान वरपासून खालपर्यंत बघितलं. खिशातल्या पेचकसाकडं हात गेला आणि तसाच परत आला, कारण उघडायचं काही नव्हतंच, सगळं उघडंच होतं. "ब्येस केलंसा," ते म्हणाले. चहा अर्धाच प्याले.

आता मी विश्रामबागेला गेलो, की संध्याकाळी साडू गॅलरीत बसलेले दिसतात, समोर टीपॉयवर फोन. आक्का म्हणतात, आत ठेवा की तो. साडू म्हणतात, "वाजना, म्हंजे सगळं चाललंय." त्यांना हेच तर हवं होतं, सगळा आटापिटा यासाठीच केला होता. मग थोड्या वेळानं ते फोन उचलतात, आवाज बंद तर नाही ना ते बघतात आणि पुन्हा ठेवतात. मला ते बघवत नाही. म्हणून साताऱ्यात असलो, की संध्याकाळी कधीकधी मीच फोन लावतो. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज येतो, "बोला पाव्हणं, काय अडलंय?" माझं काहीच अडलेलं नसतं. पण मी सकाळपासून त्यांच्यासाठी काहीतरी अडवून ठेवलेलं असतं.