तांड्यात उलटं झालेलं जाकीट

नागपूरहून निघाले तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होते. पॅरिसमधल्या दोन बड्या फॅशन घराण्यांची मी एकापाठोपाठ प्रमुख डिझायनर झाले होते, दोन्हीकडची पहिलीच बाई. बायकांच्या कपड्यांना खिसे हवेतच, यावरून तिथल्या पुरुषांशी कडाकडा भांडलेली. आता तिसऱ्या घराण्याचं बोलावणं होतं आणि पहिल्या संग्रहासाठी मला बंजारा बायकांचंच भरतकाम हवं होतं.

कळंबला गाडी पंक्चर झाली. टायर काढता काढता मेकॅनिक रशीदभाईंनी विचारलं, "मॅडम, इकडं कायले आल्या?"

मी सांगितलं.

"मंग चमनाबाईले भेटा. तिनं हो म्हटलं तं साऱ्या बाया हो म्हन्तेत. नाही म्हटलं तं हात हलवत वापस."

यवतमाळ ओलांडून कपाशी-तुरीच्या शेतांमधून तांड्यावर (बंजारा वस्तीवर) पोचले. चमनाबाई साठीच्या, कमरेला आरशांचा फेटिया (घेरदार घागरा). त्यांनी आधी बाटी (ज्वारीची भाकरी) आणि ठेचा पुढ्यात ठेवला. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी दुसरी बाटी मागून घेतली.

मग ऐटीत बॅगेतून माझं गाजलेलं, भरतकामाचं जाकीट काढलं. चमनाबाईंनी पुढची बाजू पाहिलीच नाही. जाकीट उलटं केलं, कात्रीनं अस्तर उसवलं आणि मागच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. तांड्यात काम मागूनच पारखतात.

"हात चांगला हाय. कोनाचा?"

"माझ्या कंपनीचा."

"कंपनीले हात असते का बाई? तिचं नाव सांग."

मी ते कधी विचारलंच नव्हतं. बायकांच्या हक्कांवर इतकी भाषणं ठोकली, आणि इथं भोवती जमलेल्या बायांसमोर मला मनापासून लाज वाटली.

"तू आमचं काम नेशीन अन् आमालेही कंपनीच म्हनशीन," चमनाबाई म्हणाल्या. "कपड्यात नाव टाकशीन तं करतो. नाही तं राहू दे."

तिथूनच नव्या मालकांना फोन लावला. प्रत्येक कपड्यात काम करणारीचं नाव, नाहीतर मी येत नाही. ते घराण्याच्या प्रथेबद्दल बोलू लागले. मी फोन ठेवला. नागपूरच्या विमानतळावर त्यांचा होकार आला.

घरी पोचल्यावर ते जाकीट जिथं बनलं होतं त्या कारखान्यात फोन केला. तिघांना माहीत नव्हतं, चौथीनं सांगितलं: रेहाना. उसवलेल्या अस्तरावर मी आता ते नाव भरते आहे. टाके वाकडेतिकडे पडतात. चमनाबाईंनी उलटवून पाहिलं, तर हात कोणाचा ते विचारावं लागणार नाही.