रामकाठीची साल

आईच्या तोंडातली जखम बरी करायला मी सहा महिने बाभळी शोधत हिंडले. पूर्णेला आमच्या क्वार्टरपासून दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे, नवरा रेल्वेत आहे, मी स्वतः बारावी शिकलेली आहे. एवढं असून मी झाडांच्या मागे लागले. का, ते कुणी विचारलं नाही तरी मीच स्वतःला विचारत बसते.

आई सुताराची लेक. तिचे वडील झरीकडच्या एका खेड्यात नांगर, तिफणी, बैलगाड्या करायचे, आणि त्यांचं सगळं काम बाभळीच्या लाकडात. त्यामुळे आपल्याला बाभूळ म्हणजे नुसते काटे, पण आईला ती चार-पाच निरनिराळी झाडं. तेल्या बाभळीचं लाकूड काळसर आणि चिवट. गाडीचा आख तिचाच हवा. कवडीची साल जाड, भेगाळ, लाकूड सरपणापुरतं. हिवर पांढऱ्या सालीचा, त्याच्या शेंगा शेळ्यांना आवडतात. रामकाठी सरळ वर जाते, फांद्या अंगाशी धरून, म्हणून बांधावर असली तरी पिकावर सावली धरत नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत लाडवांचा डिंक तिने स्वतः झाडावरून खरवडून आणला होता. दुकानातला डिंक ती हातात घेऊन हुंगायची आणि परत ठेवायची. सकाळी बाभळीच्या काडीचं दातवण करायचं आणि त्यावर मिश्री लावायची, हा तिचा नेम. मिश्रीवरून मी भांडले की ती काळे दात दाखवून हसायची.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा भाजी तिखट झाली म्हणून ती वहिनीवर चिडली. जन्मभर ठेचा खाल्लेली बाई. मी तोंड उघडायला लावून मोबाईलच्या उजेडात पाहिलं, तर गालाच्या आत मागच्या दाढेपाशी पांढरा चट्टा होता आणि मध्ये लाल. मी दवाखान्याचं काढलं. ती म्हणाली, सालीच्या काढ्याने गुळण्या केल्या की आठ दिवसांत जाईल. तिच्या माहेरी हिरड्या सुजोत, दात हलो, तोंड येवो, हाच उपाय. खोटं कशाला सांगू, मलाही ते बरं वाटलं. दवाखाना म्हणजे दादाचं काम बुडणार, नवऱ्याला रजा, तिथली रांग. साल म्हणजे एक फेरी.

पहिली साल मी पूर्णेत रुळाकडेच्या झाडाची नेली. आईने कपच्या नुसत्या हातात घेतल्या आणि टाकून दिल्या.

"ही येडी बाभूळ हाय," ती म्हणाली. "हिच्यानं काय व्हायचंय? ही आपली बाभूळच न्हाई."

मग दादाने शेतातली साल आणली. महिनाभर गुळण्या झाल्या. चट्ट्याची जखम होऊन रक्त येऊ लागलं, घास गिळताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. आईचं म्हणणं, हे झाड कवडीचं निघालं. आम्ही तेल्या बाभूळ शोधली, पुन्हा महिना गेला. संक्रांतीला तिळगूळ तिच्या तोंडात ठेवला तर तिने तो हळूच पदरात काढला. गुण येत नव्हता, आणि गुण येत नाही म्हणजे झाड चुकलं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. उपायच चुकीचा असेल, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी बोलले नाही.

शेवटी तिने सांगितलं, रामकाठीच पाहिजे. आता रामकाठी राहिलीय कुठे? रस्ते रुंद झाले, ट्रॅक्टर आले, बाभळीच्या लाकडाला कोण विचारतो. मी झरीपासून विचारत निघाले आणि तीन रविवार घालवून पाथरीच्या अलीकडे एका शेतात झाड गाठलं. शेतकरी भला माणूस. त्याने साल काढून दिली, त्याच्या बायकोने चहा पाजला. मला इतका आनंद झाला होता की जीपमध्ये मी शेजारी बसलेल्या बाईला सगळी हकीकत सांगितली.

आणि त्या सालीने रक्त थांबलं. तुरट सालीने रक्त थांबतंच, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पण त्या आठवड्यात आईने दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली आणि आम्ही सगळे खुळ्यासारखे हसत होतो. तिच्या जबड्याखाली गाठ हाताला लागली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता.

नांदेडला जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी केव्हापासून आहे विचारलं आणि मी सांगितलं, पंधरा-वीस दिवस झाले असतील. आई शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर तोंडात बघत म्हणाले, सुरुवातीला आणलं असतं तर छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं. मला त्या माणसाचा फार राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

रेडिएशनचे शेक झाले, केस गेले नाहीत पण चव गेली, आवाज बसला. दसऱ्याच्या आसपास डॉक्टरांनी, आता काही होणार नाही म्हणून, घरी न्यायला सांगितलं. आता आई नळीने पेज घेते. परवा तिने मला जवळ बोलावलं आणि थांबत थांबत बोलली.

"तुझी चूक न्हाई. ते झाड म्हातारं व्हतं. तरण्या झाडाची साल आण."

मी उठून बाहेर गेले आणि मोरीत उभी राहून रडले. तिला काय सांगू? साल आणायची नाही म्हटलं तर का नाही, हे सांगावं लागणार. दुसऱ्या दिवशी मी पाथरीची बस धरली.

तोच शेतकरी. जुन्या झाडाजवळच एक तरणी रामकाठी होती, त्याने तिची साल पिशवीत घालून दिली. गुण आला का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणाले. खोटं बोलायची मला सवय झालीय. तेवढ्यात त्याची बायको पुढे आली, पदर बाजूला केला आणि बोटाने गाल ताणून दाखवला. आत पांढरा चट्टा होता.

"मला बी हाय दोन महिन्यांपासून," ती म्हणाली. "तुमी मायसाठी साल नेली व्हती, म्हणून मी बी गुळण्या करायलेय. आता मला बी गुण येईल."

मी तिथेच बांधावर बसले.

"गुण न्हाई आला," मी म्हणाले. "माझी माय मरायलीय. तुमी उद्याच्या उद्या दवाखान्यात जावा."

ती पदराने तोंड झाकून नवऱ्याकडे बघायला लागली. तो माझ्या पिशवीकडे बघत होता.

"पण तुमी तर साल न्यायलात की," तो म्हणाला.

मी पिशवी त्यांच्यासमोर उलटी केली. कपच्या मातीत पडल्या. मग मी आईच्या तोंडाचं सगळं सांगितलं, वास, अळ्या होऊ नयेत म्हणून रोज करावं लागणारं ड्रेसिंग, नळी, काही राखून ठेवलं नाही. ती बाई रडायला लागली तरी मी थांबले नाही. नवऱ्याने सकाळी परभणीला नेतो असं सांगितलं तेव्हाच मी उठले.

संध्याकाळी घरी पोचले तर आई भिंतीला टेकून वाट बघत होती. काढ्याचं पातेलं वहिनीकडून घासून घेऊन तिने जवळ ठेवलं होतं. मी रिकामी पिशवी खुंटीला लावली आणि सांगितलं, माय, झाड तोडलं त्यांनी, दोन्ही तोडली.

तिने हाताने पातेलं बाजूला सरकवलं.

"मग राह्यलं," ती म्हणाली.