हशावर पडदा

माझा दादा रंगमंचावर आला की त्याने तोंड उघडायच्या आतच लोक हसायचे. मला याचा रागच यायचा. अहो, आधी ऐका तरी तो काय म्हणतोय. दादा मात्र खूश. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचा आणि संध्याकाळी नाटकात कधी विसराळू कारकून व्हायचा, कधी बायकोला भिणारा शेजारी. नायक तो जन्मात झाला नाही. नायकाचा मोडलेला चष्मा मात्र दर वेळी त्यानेच दुरुस्त करून दिला.

मी त्याची धाकटी बहीण आणि त्याच नाटकांची प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता घेऊन, अडलेल्या नटाला वाक्य पुरवायचं हे माझं काम. म्हणून दादा मला ‘पुस्तक’ म्हणायचा. प्रेक्षक त्याचा चेहरा बघायचे, मी त्याचा डावा हात. विनोदी वाक्य टाकलं की हशा ओसरेपर्यंत नटाला थांबावं लागतं. तेवढ्या वेळात दादाची बोटं कोटाच्या शिवणीवर हलकेच ताल धरायची. पुढचं वाक्य तयार आहे, याची ती खूण होती.

“रडवणाऱ्या नटाला लोक घरी जेवायला बोलावतात,” तो म्हणायचा, “आणि हसवणाऱ्याला रस्त्यात अडवून सांगतात, करा की काहीतरी गंमत.” एकदा गाल सुजवून दातांच्या डॉक्टरकडे गेला, तर बाहेर बसलेले पेशंटच हसायला लागले. वहिनी गेली तेव्हा भेटायला आलेल्या एका गृहस्थांना त्याला बघताच हसू फुटलं. बिचारे शरमेने अर्धमेले झाले. दादानेच उठून त्यांना पाणी दिलं. “त्यांची काय चूक? माझ्या चेहऱ्याला सुट्टी नसते,” असं ते गेल्यावर मला म्हणाला आणि मग खूप रडला.

सत्तरी उलटल्यावर वाक्यं निसटू लागली. घरी चहाचं आधण ठेवायचा आणि विसरून जायचा. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या आठवड्यात रंगपटात आरशासमोर मिशी चिकटवता चिकटवता दादा म्हणाला, “पुस्तक, एक काम तुझ्याकडे. माझं विसरणं खरं झालं की पडदा पाडायचा. मला ते कळणार नाही, तुला कळेल.”

“आणि लोक?”

“लोक हसताहेत तोवर ठीक. त्यांना माझी कीव आली की मी संपलो.”

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

पहिल्यांदा तो अडकला तेव्हा नेमका विसराळू कारकूनच करत होता. बोटं थांबली. मी वाक्य पुरवलं, परत पुरवलं, मग इतक्या जोरात पुरवलं की पुढच्या रांगेलाही ऐकू गेलं. दादा विंगेकडे वळला.

“काय गं, विसरलो मी आणि घाम तुला फुटलाय?”

नाट्यगृह दणाणून गेलं. मध्यंतरात निर्माते धावत आत आले. “हे रोज ठेवा,” म्हणाले. दादाला वाटलं, निभावलं. तो लहान मुलासारखा खुलला आणि माझा धीर खचला. नाटक काढून घेतलं तर त्याच्याकडे उरणार काय, खिडकी आणि औषधाच्या गोळ्या? मी त्यानंतर मोठ्यानेच वाक्यं सांगू लागले. लोक त्यासाठी मुद्दाम येऊ लागले.

मग एका रविवारी, दुपारच्या प्रयोगात, तो नेहमीसारखा विंगेकडे वळला. मी वाक्य वाचलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. बोटं शिवणीवर नुसती टेकलेली होती.

“तुम्ही कोण?” त्याने विचारलं.

लोक हसले. जन्मात कधी तो मला ‘तुम्ही’ म्हणाला नव्हता. पुढचं वाक्य माझ्यासमोर उघडं होतं, पण मला ते वाचता येईना.

“मी तुझी बहीण,” मी म्हटलं.

आधीपेक्षा मोठा हशा झाला. लोक पोट धरून हसत होते. पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही. हसताहेत, तेवढ्यात उरकायला हवं होतं. दादा सवयीने थांबला होता, हशा ओसरायची वाट बघत. बोटं काही हलली नाहीत. मी पडदेवाल्याला हात केला.

पडदा पडला तरी बाहेर टाळ्या चालूच होत्या. मी जाऊन त्याचा हात धरला. तो कान देऊन टाळ्या ऐकत होता.

“वाक्य छान होतं हं तुमचं,” तो म्हणाला. “नाटकात आहे?”

“नाही.”

“मग उद्यापासून ठेवा.”