बायोडाट्याचं गाऱ्हाणं

तोंडवलीत कुणी रिक्षा घेवो, विहीर खणो की मुलगी बघायला निघो; आधी बाबलीकाकांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, असा रिवाज. गाऱ्हाण्यावाचून काम होत नाही असं नाही. पण बाबलीकाका ते होऊ देत नाहीत.

त्यांची पुतणी समीक्षा किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात रिसेप्शनच्या नोकरीसाठी बायोडाटा लिहीत होती. नोकरी हुकली तर मुंबईला मावशीकडे रवानगी ठरलेली.

"वाच बघूया," बाबलीकाका म्हणाले.

"डायनॅमिक, हार्डवर्किंग, टीम प्लेयर..."

"ह्या कोण गो?"

"मीच!"

"घरात कधी दिसाक नाय ता! काय व्हया ता सरळ माग. आड कोण येता, ता पण घाल."

आड कोण येणार, हे गावाला ठाऊक होतं. मॅनेजर धनेश सावंतांचा भाचा निलेश. पठ्ठ्याने अर्ज केला नव्हता, पण युनिफॉर्म शिवायला टाकला होता.

हार्डवर्किंग लिहिलेल्या अर्जांना आजवर कुणी साधं उत्तरही दिलं नव्हतं. समीक्षाने काका सांगतील तसं टाइप केलं.

मुलाखतीत धनेशसाहेबांना कागद बघून हसू आवरेना. गंमत म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुभद्राला, माळ्याला हाका मारल्या नि नाटकी आवाजात वाचायला घेतलं.

"बा रिसॉर्टच्या म्हाराजा! ह्या चेडवान घराक येणाऱ्या पावण्यांची उस्तवार केल्यान. भांडत इलेलो पावणो हसत गेलो..."

"व्हय म्हाराजा!" सुभद्राच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"ह्या जाग्यार तेचो हक्क आसा..."

"व्हय म्हाराजा!" आता माळीही.

"आणि कोणाचो भाचो आडवो येत असात, तर..."

साहेब वाचता वाचता तिथेच थांबले.

"सायबानू, गाऱ्हाना अर्ध्यार सोडूचा नसता," सुभद्रा घाबरून म्हणाली. "वायट असता."

"...तर तेका बाजूक सार रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

साहेबांनी एसीत घाम पुसला. गाऱ्हाणं घातलं गेलं होतं, तेही स्वतःच्याच तोंडून. ते मोडायची छाती कुणाची?

"सोमवारपासून या," ते शुद्ध मराठीत म्हणाले.

संध्याकाळी कोरा युनिफॉर्म काखेत मारून निलेश अंगणात हजर. हातात नारळ.

"काकानू, माझोय बायोडाटा घाला."

काकांनी नारळ कानाशी हलवून बघितला.

"घालतंय. पयलो सांग, तुझो दुसरो मामा खंय मॅनेजर आसा?"