गिरगावच्या हॅटवरचं फूल

हे गेल्यापासून मी बरंच काही वाचूनच शिकले. कापडी फुलं करायची कृतीही एका मासिकात वाचली. शेजारच्या काशीताई म्हणाल्या, "गिरगावात मोनिकाबाई हॅट करतात, त्यांना फुलं करणारी हवीय. नमुना घेऊन जा." नुसत्या शिवणावर भागत नव्हतं. पसंत पडला तर घरबसल्या काम मिळणार होतं. सकाळी नमुन्याचं फूल केलं, पुड्यात बांधलं आणि निघाले.

लालबागहून ट्रामने भायखळ्यापर्यंत गेले. पुढे संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा होता.

"उतरा आता, माई," कंडक्टर म्हणाला. "मुंबई मिळाली की घरापर्यंत सोडतो."

सगळे हसले आणि उतरले. तिथून नागपाडा, ग्रँट रोड करत चालायला पाऊण तास लागतो. छत्री न्यावी. वाटेत इराण्याकडे चहा आणि कडक ब्रून पाव चांगला मिळतो. एकट्या बाईला आत पडद्याआड बसवतात, संकोच करू नये. मी पहिल्यांदाच बसले.

मोनिकाबाई एका वाडीत लाकडी जिन्याच्या घरात राहतात. त्यांनी पुडा सोडला आणि मीच हबकले. सकाळच्या कडक पाकळ्या ओल्या पापडासारख्या लोंबत होत्या.

"खळ कसली दिलीस गो?"

"तांदळाच्या पेजेची."

त्यांनी पाकळीला जीभ लावली. "मीठ! फुलाला जेवायला वाढलंस काय?"

सवयीने हात मिठाकडे गेला होता. वाटेत त्या मिठाने हवेतला दमटपणा ओढून घेतला. मासिकात मीठ घाला असं नव्हतं, घालू नका असंही नव्हतं.

"चारला एका नवरीची बहीण चर्चमधल्या लग्नासाठी हॅट न्यायला येते," त्या म्हणाल्या. "तोवर फूल झालं तर काम तुझं."

त्यांच्याकडे सरस देऊन कडक केलेलं रेशमी कापड होतं. पाकळी उशीवर ठेवायची आणि दांड्याची लोखंडी गोळी शेगडीवर तापवून तिच्यावर दाबायची. पाकळी वाटीसारखी वळते.

"किती तापली ते कसं कळायचं?"

"गालाजवळ ने. गाल सांगतो."

दोन पाकळ्या जाळल्या. तिसरी वळली. साडेतीनला फूल झालं.

"आता डोकं पाहिजे. बस." त्यांनी हॅट माझ्याच डोक्यावर ठेवली.

"बाई, मला फूल चालत नाही."

"तुला कोण देतंय? मान सरळ ठेव."

मी मागे, अंबाड्याजवळ बोट दाखवलं. "इथे लावा."

"वेणी नाय ती! समोरून येणाऱ्याला दिसलं पाहिजे." त्यांनी फूल कानाच्या वर टाचलं आणि आरसा पुढे केला. मी खाली बघत राहिले.

चारला ती मुलगी आली, हॅट घालून दोनदा गिरकी घेतली आणि घेऊन गेली. मला डझनभर फुलांचं कापड मिळालं.

काशीताईंना मी सरस सांगितला, गोळी सांगितली, मिठाची फजितीही सांगितली. हॅट माझ्या डोक्यावर होती, ते नाही सांगितलं. ह्यांना मात्र सांगितलं असतं, आणि पहिला प्रश्न आला असता, "मग कशी दिसत होतीस?"

आरशात बघायला हवं होतं.