सम तारखेची खिडकी

मुंबईत न्यायाधीश पुष्कळ होऊन गेले असतील, पण न्यायाची काळजी ज्याच्या पोटात चोवीस तास घोळत असे असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो काही कोर्टात नव्हता. गिरगावातल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. आमच्या वहिनीचे हे थोरले भाऊ. वहिनी त्यांना दादा म्हणायची म्हणून आमचं घर, मग चाळ आणि शेवटी सगळा छापखाना त्यांना दादाच म्हणू लागला. आधी कोण आणि नंतर कोण, हा जगातला एकमेव महत्त्वाचा प्रश्न आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. चाळीच्या नळावर कळश्यांची रांग लागली की हे गॅलरीतून वाकून, कुणाची कळशी आधी होती ते सांगत. बायका वैतागत, पण भांडण झालं की निवाड्याला त्यांनाच हाका मारत. सलूनमध्ये नंबर लागला तरी, "हे गृहस्थ माझ्याआधी दारात होते, फक्त चप्पल काढायला थांबले," म्हणून खुर्चीतून उठत आणि न्हावी वस्तरा हातात धरून ताटकळत राही. माझ्या लग्नात पंगतीची व्यवस्था त्यांच्याकडे देण्याची चूक आमच्या वडिलांनी केली. श्रीखंड डाव्या टोकाकडून निघालं, तर पुऱ्या उजव्या टोकाकडून निघाल्या पाहिजेत, असा हुकूम सुटला. दोन वाढपी मधोमध एकमेकांवर आदळले आणि व्याह्यांच्या नव्या धोतरावर श्रीखंड सांडलं. दादा शांतपणे म्हणाले, "सांडलं, पण बरोब्बर मध्यावर सांडलं."

त्यांना जुळ्या मुली. बाळंतिणीला शुद्ध नव्हती, त्यामुळे आधी कोण आली हे सुईणीनं एकट्या दादांना सांगितलं आणि दादांनी ते जगात कुणालाही सांगितलं नाही. मुली मोठ्या झाल्या, त्यांनी लाडीगोडी लावून पाहिली, अबोला धरून पाहिला. "दोघी आलात, हे काय कमी आहे?" यापलीकडे बाप एक अक्षर बोलला नाही.

दादांच्याच शब्दावर मी त्या छापखान्याच्या ऑफिसात टंकलेखक म्हणून लागलो. तेव्हा खिळे जुळवणाऱ्यांच्या, म्हणजे जुळारी खात्याच्या दाराशी एक यादी टांगलेली असे. कोण कधी नोकरीला लागला त्याप्रमाणे वरून खाली नावं. जो वर त्याला आधी चहा, गणपतीत आधी रजा आणि जागेची आधी निवड. आणि माणूस कमी करायची वेळ आलीच, तर जो सर्वांत खाली त्यानं आधी जायचं. यादीतली शेवटची दोन नावं दादांची आणि घोडपदेवच्या कांबळ्यांची. दोघंही एकाच दिवशी, एकाच तासाला लागलेले. त्यांच्यानंतर मालकांनी त्या खात्यात माणूस घेतलाच नव्हता. नाव दादांचं वर होतं, कांबळ्यांचं खाली, आणि याबद्दल युनियनकडे लेखी तक्रार केली होती ती दादांनी. खाली घातलेला माणूस ओरडतो हे मी ऐकून होतो. आपलं नाव वर आहे म्हणून बोंब मारणारा हाच पहिला.

युनियन तीन संध्याकाळ बसली. वयानं मोठा तो वर, असं ठरलं, तर दोघांच्या शाळेच्या दाखल्यावर तारीख एक जून, सालही तेच. गावोगावच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना सगळ्यांनाच एक जूनला जन्माला घातलं होतं. दाखले काढून बघितले तर निम्मं जुळारी खातं एक जूनचं निघालं. मग आडनावांच्या अक्षराप्रमाणे लावा, असं निघालं. दादा म्हणाले, "आडनाव काय आम्ही निवडून घेतलं?" मालवणकडच्या एका मशीनमॅननं आपल्या गावच्या देवीचा कौल घ्यायचं सुचवलं. "देवी युनियनची सभासद नाही," दादा म्हणाले. शेवटी टोपीत चिठ्ठ्या टाकायचं ठरत आलं, तर हे पुन्हा उभे. "चिठ्ठी एकदा निघते, पण खाली गेलेला जन्मभर खाली राहतो. हा कसला न्याय?" सेक्रेटरी रडकुंडीला आला. "मग तुम्हीच सांगा बाबा," म्हणाला. दादा वाटच बघत होते. विषम तारखेला ते स्वतः वरिष्ठ, सम तारखेला कांबळे. लोक हसले, मालकांनीही गंमत म्हणून करारावर सही केली.

पण दादांच्या कोशात गंमत हा शब्द नव्हता. खात्यात एकच खिडकी होती. तिच्याखाली उभं राहून बारीक खिळे जुळवायला मिळणं म्हणजे डोळ्यांचं आयुष्य दहा वर्षांनी वाढणं. बाकी खातं अंधारकोठडीच होतं आणि वरच्या नंबरच्या म्हाताऱ्यांनी पंख्याखालच्या जागा पकडल्या होत्या, म्हणून खिडकी या दोघांकडे आली. विषम तारखेला तिथे दादा उभे राहत, सम तारखेला कांबळे. पुढे पुढे छापखान्यात कॅलेंडर बघायची सवयच मोडली. "आज तारीख काय रे?" विचारलं की उत्तर येई, "खिडकीत कोण आहे बघ." कांबळे नागपूरला दीक्षा घेऊन आले, तेव्हा दादांनी त्यांना सगळ्यांदेखत मिठी मारली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "चौदा तारीख होती. तुझीच."

राहिली एकतीस. एकतीसनंतर एक, म्हणजे लागोपाठ दोन दिवस दादांचे, आणि हा तर धडधडीत अन्याय. म्हणून एकतीस तारीख कुणाचीच नाही, असं कलम त्यांनी करारात घालून घेतलं. त्या दिवशी खिडकी रिकामी राही. स्वच्छ उजेड नुसत्या फरशीवर सांडत असे आणि हे दोघे मागे अंधारात नाकाला खिळे लावून काम करत. खालच्या हॉटेलातून चहाचे दोन कप येत. आधी उचलायचा कुणी, हे ठरलेलं नाही, म्हणून दोन्हींवर साय धरे. आम्ही फिदीफिदी हसायचो.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आमच्या छापखान्याची तुकडी गेली, तेव्हाही तेच. वरच्या नंबरचे म्हातारे गाडीत चढले, मग इन्स्पेक्टरनं बांधणी खात्यातल्या एका तरुणाला धरून चढवायला घेतलं, तर दादा आडवे. "साहेब, हा आमच्यात नवा आहे. अटक यादीप्रमाणे झाली पाहिजे."

"मग तुम्ही चढा आधी," इन्स्पेक्टर म्हणाला.

"मी कसा चढू? आज बावीस. कांबळे मागून येतायत, त्यांना येऊ द्या."

आणि खरोखर कांबळे येईपर्यंत ती पोलिसांची गाडी खोळंबली. त्यांना चढवून मग दादा चढले, ते अगदी समाधानानं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर मालकांनी ओळीच्या ओळी ओतणारं नवं मशीन आणलं. जुळारी खात्यातला एक माणूस जास्त झाला. मला बोलावून मालक म्हणाले, "महिनाअखेरची कुठलीही तारीख घालून नोटीस टाइप कर. त्या दोघांतला त्या दिवशी जो खाली असेल, त्याचं नाव घाल." म्हणजे तारीख घालणारा मी, आणि तारीख घातली की माणूस गेला.

बातमी खात्यात फुटलीच. दुसऱ्या दिवशी दादा माझ्या टेबलाशी आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "मेल्या, तीस घाल." तीस म्हणजे सम, कांबळे वर, दादा खाली. "गावाला माझी चार कलमं आहेत, भावाचं घर आहे. कांबळेनं परत गावाला जायचं म्हणजे पुन्हा वेशीबाहेर जायचं. तीस घाल, आणि तुझ्या वहिनीला बोलू नकोस."

ते गेले आणि दुपारच्या सुट्टीत कांबळे आले. "एकोणतीस टाका," म्हणाले. "त्याच्या दोन पोरी लग्नाच्या आहेत. माझा थोरला गोदीत लागलाय, आमचं भागेल." मग ते स्टुलावर टेकले. "तुम्हाला ठाऊक नसेल. पहिल्या दिवशी दारात आधी मी उभा होतो. हेडक्लार्कनं दोघांची आडनावं विचारली आणि माझं खाली लिहिलं. मी काही बोललो नाही, मला सवय होती. ह्याला सवय नव्हती. कांबळ्याचं नाव वर घ्या म्हणून भांडायला निघाला होता. मीच म्हटलं, वर नको रे, बरोबरीनं घे." इतकं बोलून ते निघून गेले. इतकी वर्षं ज्या गोष्टीला फिदीफिदी हसलो तिची मला लाज वाटली.

नोटिशीवर मी एकतीस तारीख घातली. नावाची जागा कोरी सोडली आणि ती एकतीसच्या सकाळीच मालकांपुढे ठेवली. मालक भडकले. "नाव कुठाय?"

"एकतीसला खाली कुणीच नसतं, साहेब. करारात आहे. आपली सही आहे."

मालक तरातरा जुळारी खात्यात गेले. मागोमाग मी. खिडकीत कुणी नव्हतं. मागे अंधारात दोन चष्मे वाकलेले, मध्ये चहाचे दोन गार कप. मालकांनी एका कपाला बोट लावून पाहिलं. मग नेहमीपेक्षा खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, पण मशीन आलंय. जागा एकच उरलीय, तिला मी काय करू?"

"एक पुष्कळ आहे," दादा म्हणाले. "खिडकी आम्ही अशीही एकाआड एक दिवसच वापरतो. नोकरी तशीच वापरू."

असं ते ठरलं. विषम तारखेला दादा यायचे, सम तारखेला कांबळे. पगार अर्धा अर्धा. दादा घरी बसून मुद्रितं तपासायचे, वहिनीची भावजय शिवण घ्यायला लागली. ओढाताण झाली, पण दोन्ही घरं उभी राहिली. एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. सोळा वर्षं रोज खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले हे दोघे आता एकमेकांना दिसतच नव्हते. भेट फक्त एकतीसला. त्या दिवशी दोघेही बिनपगारी येत आणि चहा गार करत. एरवी जाताना एकानं खिळ्यांची एक ओळ जुळवून ठेवायची, दुसऱ्यानं दुसऱ्या दिवशी ती उलटी अक्षरं वाचायची, खिळे परत आपापल्या खणात टाकायचे आणि आपली ओळ जुळवायची. 'धाकट्याला ताप.' 'खिडकीचा कोयंडा सैल आहे.' असलं काहीबाही. तीस एप्रिलला कांबळ्यांनी जुळवून ठेवलं होतं, 'उद्या राज्य येणार. तारीख तुझी.' ती ओळ दादांनी आम्हाला सगळ्यांना बोलावून दाखवली. हसता हसता त्यांचे डोळे भरले होते.

त्याच वर्षी पावसाळ्यात कांबळ्यांना छातीचं दुखणं झालं आणि पंधरा दिवसांत ते गेले. त्यांची शेवटची ओळ होती, 'खोकला आहे. सांभाळून घे.' तिचे खिळे दादांनी कधी मोडू दिले नाहीत. घोडपदेवहून स्मशानापर्यंत ते मागून चालले, खांदा द्यायला पुढे बोलावलं तेव्हा कांबळ्यांच्या थोरल्याला आधी जाऊ दिलं.

मालकांनी दादांना पूर्ण नोकरी दिली. आता रोजचीच खिडकी त्यांची होती. पण सम तारखेला ते मागे अंधारातच उभे राहत. चष्म्याचा नंबर वाढला, नवी माणसं कुजबुजत, वहिनी मला म्हणायची, "तुझं ऐकतील, सांग त्यांना." एकदा मी धीर करून जवळ गेलो. म्हटलं, "दादा, कुणी नाही तिथे. आता तरी उजेडात या."

त्यांनी मान वर केली नाही. "आज तारीख काय?" म्हणाले.

"बारा."

"मग?" म्हणाले, आणि चाचपत चाचपत पुढचा खिळा शोधू लागले.